लाल चिंधीची हंडी

हे खरं घडलंय. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप समजावी. मी तिथे होते, आणि भर दुपार होती.

गाव लिथुआनियातलं. नाव सांगत नाही. जुलैचा शनिवार होता. सोबत माझी फ्रुमा आत्या. त्या गावातल्या ज्यूंपैकी जिवंत सुटलेली ती एकटीच. माझे बाबा तेव्हा फौजेत, लांब होते, म्हणून वाचले.

आधी आत्याचं सांगते. १९४१ चा उन्हाळा. ती बारा वर्षांची होती.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्यात चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारीच बायका वाल, बटाटे, मांस घातलेल्या हंड्या बेकरीच्या भट्टीत ठेवून यायच्या. झाकण कणकेनं लिंपलेलं. ओळखायला प्रत्येकीची खूण वेगळी. जोडे शिवणाऱ्या हिर्शलच्या हंडीला तार, लेआ शिंपिणीच्या हंडीला बटण, आमच्या हंडीला लाल चिंधी. शनिवारी दुपारी ज्याने त्याने आपली हंडी न्यायची. बेकरीतला गडी प्राणास न चुकता ज्याची त्याला काढून द्यायचा. तो ज्यू नव्हता, पण आमच्यातलाच वाटायचा.

त्या शनिवारी हंड्या न्यायला कुणीच आलं नाही.

पहाटेच गावातल्या सगळ्या ज्यूंना पाइनच्या जंगलात नेलं होतं. तान्ह्या मुलांसकट. हुकूम जर्मनांचा होता, पण बंदुका धरणारे बरेचसे गावातलेच होते. आजीने आत्याला मागच्या खिडकीतून बाहेर ढकललं. ती बेकरीमागे लाकडांच्या ढिगात लपली. तिथे तिने गोळ्या ऐकल्या... बराच वेळ.

दुपारी ते लोक परत आले. दमलेले, भुकेलेले. त्यांच्यात प्राणासही होता.

त्यांनी भट्टी उघडली. ज्यांना मारून आले, त्यांचंच जेवण जेवायला बसले. प्राणासने आमची हंडी पावाने पुसून खाल्ली. आत्या फटीतून बघत होती.

पुढे प्राणास आयुष्यभर त्याच बेकरीत राहिला. लोक त्याला सज्जन म्हणायचे.

"मला त्याच्या तोंडून ऐकायचंय," चाळीसेक वर्षांनी आत्या मला म्हणाली. "साक्षीला तू चल."

आम्ही गेलो तेव्हा बेकरी बंद होती, पण दार नुसतं लोटलेलं. म्हातारा प्राणास भट्टीसमोर खुर्ची टाकून बसला होता.

"पाव नाहीये आज," तो न वळताच म्हणाला. "शनिवारी भट्टी पेटवत नाही मी."

"अरे वा! तू कधीपासून शब्बाथ पाळायला लागलास?"

तो वळला. आत्याला त्याने लगेच ओळखलं. त्याचा चेहराच उतरला.

"फ्रुमके... तू तर..."

"मेले नाही. राहून गेले. आता बोल, आमची माणसं कुठे गेली?"

"अमेरिकेला गेली म्हणतात. मला काय माहीत? जुनं कशाला उकरतेस, म्हातारे? गप घरी जा."

"उकरायला मी कशाला हवी? जंगलात कुठे खणायचं ते तुला पाठ आहे."

तो उठायला गेला...

आणि मागच्या खिडकीवर टकटक झाली.

मी वाकून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. रस्ता रिकामा. मघापासून भुंकणारं कुत्रंही गप्प झालेलं.

पुन्हा टकटक...

मग पावलं ऐकू आली. खूप पावलं. चपटे जोडे, टाचांचे जोडे, लहान मुलांची अनवाणी. खिडकीपासून रांग लागावी तशी एकामागे एक थांबत गेली.

भट्टी विझलेली होती. तरी शिजलेल्या वालांचा, कांद्याचा वास दरवळला.

"दर शनिवारी येतात," प्राणास पुटपुटला. "हंड्या मागतात. मी कुठून देऊ?"

"कोण येतात?" आत्या म्हणाली. "नावं घे."

टकटक.

"तारवाली... हिर्शल," तो म्हणाला. घाम गळत होता. "हिर्शल, त्याची बायको, दोन्ही पोरी."

टकटक.

"बटणवाली... लेआ शिंपीण."

तो बोलतच राहिला. घर न् घर, पोर न् पोर. एकही नाव चुकलं नाही. आत्या उभ्यानेच रडत होती, पण त्याला थांबू देत नव्हती.

शेवटी एक टकटक झाली. अगदी हळू.

त्याच्या तोंडून नाव निघेना.

भट्टीचं दार आपोआप उघडलं. आत एकच हंडी होती. कानाला लाल चिंधी बांधलेली, झाकणाची कणीक ओली.

"माझी आई," आत्या म्हणाली. "तिची हंडी तू पुसून खाल्लीस ना? मग खा. पोटभर खा."

मी तिचा हात धरला. तिने झटकला.

प्राणासने झाकण उचललं. दोन्ही हातांनी खाऊ लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हते. दातांखाली काहीतरी करकरत होतं.

मग तो खाली कोसळला. पावलं एकेक करून निघून गेली, आणि बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

डॉक्टरांनी हृदयाच्या झटक्याने मेला असं लिहिलं. त्याच्या तोंडात कोंबलेल्या पिवळ्या वाळूबद्दल काहीच लिहिलं नाही. गावातली माती काळी आहे. पिवळी वाळू फक्त त्या जंगलात सापडते.

मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही.

हंडी आत्याने घरी आणली. ती गेल्यावर माझ्याकडे आली. कपाटावर ठेवलीय, रिकामी, घासून पुसून.

जाण्याआधी आत्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दुपारी जेवायला बसलेल्यांपैकी एकजण अजून जिवंत आहे. आमच्याच शहरात, नातवंडांसोबत राहतो. बागेत कबुतरांना दाणे टाकतो. मी पाहिलंय त्याला.

परवाच्या शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात वालांचा वास आला. मी हंडीला हात लावला...

गरम होती.

आणि झाकण कणकेनं लिंपलेलं होतं.