घड्याळजीचं शेवटचं रीळ

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. दिवसभर ढग होते, पाऊस नाही. संध्याकाळी वाराही पडला. तारीख आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पोरं म्हणाल, काका पुड्या सोडतात.

त्या संध्याकाळी माझा मित्र घड्याळजी माझ्याकडे बॅटरीत घालायचं पाणी मागायला आला. त्याला फोटोचं रीळ धुवायचं होतं. नळाच्या पाण्याचे डाग राहतात, आणि या रिळावर त्याला एकही डाग नको होता. कारण या रिळावर वहिनी होत्या.

अख्ख्या गल्लीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्याने काढले, घरीच धुतले. पण दिव्याखाली अंधार. बायकोचा एकही नाही. कॅमेरा दिसला की वहिनी पाठ फिरवायच्या. "रोज दिसतेच की मी. आणखी कागदावर कशाला?" शेवटी दवाखान्यात त्याच म्हणाल्या, "काढा एकदाचे, किती काढायचेत ते." त्याने सगळं रीळ संपवलं. त्याच आठवड्यात वहिनी गेल्या. रीळ महिनाभर कॅमेऱ्यातच पडून राहिलं.

"धुवायला घाबरत असतील," ऐकत बसलेली माझी पुतणी म्हणाली.

"बिघडलं तर दुसरं कुठून आणणार, बाळा?"

न्हाणीघर हीच त्याची अंधारखोली. फिल्म चकतीवर चढवायची, चकती डब्यात ठेवायची, झाकण लावायचं. तोवर उजेडाचा कवडसाही चालत नाही. सगळं हातांच्या अंदाजाने. दाराची कडी ढिली, म्हणून वहिनी बाहेर स्टूल टाकून दाराला पाठ लावून बसायच्या. राखणीला. आणि मधूनमधून बजावायच्या, "उघडू नका हं!" जसं काही तोच विसरणार होता. त्या गेल्यावर स्टूल स्वयंपाकघरात गेलं, पिंपाखाली.

त्या रात्री साडेअकराला त्याने दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. घरात दुसरं कुणी नाही. न्हाणीघराबाहेरच्या बोळातला दिवा तेवढा चालू राहिला होता. आतला मालवला. रीळ उघडलं. अर्धी फिल्म चकतीवर चढली, अर्धी खाली लोंबत होती...

बाहेर स्टूल सरकलं.

त्याचे हात थांबले.

दाराला काहीतरी टेकलं. हलकेच. पाठ टेकावी तसं.

मग...

"मग काय, काका?"

"'उघडू नका हं.'"

धाकटा पुतण्या हसायला गेला आणि बहिणीजवळ सरकला.

त्याला कळत होतं. बाहेर दिवा आहे. दार उघडलं की सगळं संपलं. पण आवाज तोच. अगदी तोच... त्याने चकती डाव्या हातात धरली. उजव्या हाताने कडी काढली.

उजेड. बोळ. दाराशी स्टूल.

रिकामं.

"पण उघडलं कशाला!" पुतण्या ओरडलाच. "त्या नको म्हणत होत्या ना?"

"महिन्याने ऐकला होता रे तो आवाज त्याने."

...

मग दार लावून त्याने उरलेलं सगळं काम रीतसर केलं. मी नंतर म्हटलं, "अरे, उजेड लागलेली फिल्म धुतलीस कशाला?" म्हणाला, "ती राखणीला येऊन बसली होती. अर्ध्यावर कसं सोडू?"

सकाळी त्याने ती फिल्म खिडकीशी धरून मला दाखवली. उजेड लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा कोळसा. वहिनींचा एकही फोटो आला नव्हता. लोंबत असलेल्या भागात फक्त एक जागा वाचली होती, कुणीतरी मुठीत झाकून धरल्यासारखी. चार बोटांमधल्या फटींच्या तीन काळ्या रेघा तेवढ्या उमटल्या होत्या. बोटं बारीक होती. त्या जागेत एक फोटो होता, वहिनींच्या पलंगावरून काढलेला. दवाखान्याच्या खुर्चीत, हनुवटी छातीवर टेकवून घड्याळजी झोपला होता.