माळावरचा ओळंबा

व्यंकटराव ओव्हरसियर त्या दिवशी नुसता हरखून गेला होता. पंचाहत्तर सालचा उन्हाळा. कयाधू नदीच्या पुरात साखऱ्याकडची वाडी वाहून गेली होती. तिच्या बदल्यात उंच, कोरड्या माळावर नवी घरं उभी राहिली होती आणि ती तपासून पास करायचं पहिलंच स्वतंत्र काम त्याच्याकडे आलं होतं. दोरीला बांधलेला जड गोळा, म्हणजे ओळंबा, तो भिंतीला धरी आणि भिंत सरळ निघाली की स्वतःशीच म्हणे, "वा रे पठ्ठे!" सगळी ओळ पास झाली. राहिलं शेवटचं, सोजराबाईचं घर.

"पास करा साहेब आजच," दारातच म्हातारी म्हणाली. "सुनंचे दिवस भरले. बाळंतीण पालात कशी ठिवू?"

सून केशर पोटावर हात ठेवून हसत होती. आत लुगड्याची झोळीसुद्धा टांगून तयार होती.

"लेकराच्या आधीच झोळी? लई घाई बुवा तुमाला!" व्यंकटरावानं चेष्टा केली. सोजराबाई उंबरठ्याकडं पाहू लागली.

घर नवं, उंबरठा मात्र जुना, काळा पडलेला.

त्यानं ओळंबा सोडला. गोळा सरळ लोंबेना. तिरपा होऊन नदीच्या दिशेला ओढला गेला आणि तिथंच थरथरत राहिला.

वारा असेल. त्यानं दार लावलं, खिडकी लावली. गोळा तिरपाच. बाहेरून भिंत तपासली, तर अगदी सरळ. पुन्हा आत आला. वाहत्या पाण्यात हात घातल्यावर लागते तशी ओढ बोटांना लागत होती. भीती होतीच, पण त्याहून मोठं होतं ते कुतूहल.

"काहून थांबले साहेब?"

"हा उंबरठा कुठला?"

"जुन्या घराचा. गाळातून उकरून आणला. माजा नातू, हिचा पयला, रांगत तिथवर यायचा. झोळीसकट गेला पुरात."

"काढता येईल?"

"न्हाई. घर नापास करा, पन त्यो न्हाई काढणार."

केशरचं हसू मावळलं होतं. व्यंकटरावानं तिच्याकडे पाहिलं.

"पास," तो म्हणाला.

गोळा सरळ झाला.

सोजराबाई साखर आणायला धावली. व्यंकटरावालाही इतका आनंद झाला की दोरी गुंडाळताना तो पुन्हा म्हणाला, "वा रे पठ्ठे!"

मग त्याला झोळी दिसली.

आत कुणी निजलं असावं तशी ती खाली ताणली गेली होती. तिच्याखालच्या कोरड्या मुरमावर पाण्याचे थेंब पडत होते.

केशरनं पोटावरचा हात काढला आणि झोळीला हळूच झोका दिला.