दोनदा भरलेली गव्हाण

खाटकाने ठिपकी शेळीच्या कमरेवर हात ठेवला, बोटांनी कणा चाचपला आणि तो समाधानाने हसला. गोठ्याच्या दारात लेक बादली घेऊन उभी होती... याच शेळीचं डोकं साथीच्या तापात मांडीवर घेऊन आईने तिला घोट घोट औषध पाजलं होतं. पुढे स्वतः अंथरुणाला खिळली, तेव्हाही आईने लेकीजवळ एवढंच मागितलं होतं, "माझ्या शेळ्या तेवढ्या सांभाळ."

त्या शब्दाखातर लेक दवाखान्यातली परिचारिकेची नोकरी सोडून घरी आली. बाबांना ते मुळीच रुचलं नाही. "लेंड्या झाडायला शिकवलं होतं का तुला?" असं म्हणून ते जे गप्प झाले, ते झालेच. आई होती तोवर तिच्यामार्फत निरोप चालायचे. ती गेल्यावर बाबा भिंतीशी बोलू लागले, "कुणीतरी दिवा मालवा." लेकही मग ताटाकडे बघून म्हणायची, "जेवण वाढलंय."

साथीतून वाचलेल्या शेळ्यांना खुराक आणि खनिज मिश्रण नीट द्या, म्हणजे त्या पुन्हा गाभण राहतील, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बोकड दाखवूनही एकही शेळी गाभण राहिली नाही. शेवटी काल बाबांनी भिंतीला सांगितलं, "वांझ जनावरं पोसायची नाहीत. उद्या खाटीक येतोय."

"माल झकास आहे हो," खाटीक म्हणाला. "दोन्ही वेळ खुराक घालता वाटतं?"

"छे, एकदाच. पहाटे मी घालतो."

लेकीच्या हातातली बादली सुटली. पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं.

"पहाटे?" तिने भिंतीकडे नव्हे, बाबांकडे पाहिलं. "मी रोज संध्याकाळी घालते, बाबा. पूर्ण माप. आईने आणलेलं खुराकाचं पोतं संपलं, तुम्ही नवं आणलेलं दिसलं नाही... मला वाटलं, तुम्ही सोडूनच दिलंत. माझं पोतं माझ्या खोलीत आहे."

"माझं माळ्यावर आहे," बाबा पुटपुटले. "तू दिवसभर राबतेस... म्हटलं, तेवढं तरी आपण उरकावं."

खाटकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग या बिचाऱ्यांचा काय दोष? एवढ्या चरबीवर शेळी गाभण राहायची कशी? माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो, खुराक निम्मा करा, रानात हिंडवा, मग बघा."

बाबा गव्हाणीच्या काठावर बसले. आजारात वर आलेली हाडं झाकली गेली, अंग भरलं, यावरच तर दोघं आपापल्या जागी मनोमन सुखावत होते... आणि त्याच मायेपायी आईने वाचवलेले जीव आज सुरीखाली जायला निघाले होते.

"तिच्या शेळ्यांना मी वांझ म्हणालो," बाबा म्हणाले.

"मी तरी कुठे विचारलं तुम्हाला?"

खाटकाचा टेम्पो रिकामाच परतला. "कुणीतरी फाटक..." बाबा सवयीने म्हणाले आणि थांबले. उठून त्यांनी ते स्वतःच लावलं, मग लेकीसमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, उद्यापासून कोण घालणार? तू की मी?"

ती खोलीत गेली, आपलं पोतं ओढत बाहेर घेऊन आली आणि माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचंही खाली काढा."