गुलाबी उरलेली नावं

"पाच... सहा... सात! बस्स! हात मागे घे!" मास्तरीण ओरडली.

ठिपक्याने ड्रॉपर मागे घेतला, पण आठवा थेंब आधीच टोकाला येऊन लोंबत होता. तो बाटलीत पडला नाही, टेबलावरही पडला नाही. ठिपक्याच्या हातून सुटलेले थेंब नेहमी जिथे पडतात तिथेच, म्हणजे त्याच्या शर्टावर, आधीच्या गुलाबी डागावरच पडला.

"आठ!" शेपटीने जाहीर केलं.

"शर्टावरचा धरायचा नसतो गं!"

"मग वहीत काय लिहू?"

"लिही," मास्तरीण म्हणाली, "सात थेंब निळा, दोन थेंब गुलाबी, एक थेंब ठिपक्या."

सुट्टी लागल्यापासून हा उद्योग चालू होता. ठिपक्या आणि त्याची आठ वर्षांची बहीण शेपटी आत्याकडे राहायला आले होते. मास्तरीण ही आत्याची मुलगी; तिघांचीही ही टोपणनावंच. ती तेरा वर्षांची, म्हणजे तिघांत मोठी असल्यामुळे हुकूम तिचा चालायचा. मागच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर खोकल्याच्या औषधाच्या नऊ रिकाम्या बाटल्या उकळून, वाळवून मांडलेल्या होत्या. दुकानातून आणलेल्या शाया थेंब मोजून त्यांत मिसळायच्या, काचेच्या कांडीने ढवळायच्या, वहीत नव्या रंगाचा एक पट्टा ओढायचा आणि शेजारी थेंबांचे आकडे लिहायचे. आतापर्यंत एकतीस रंग झाले होते. त्यांतले एकोणीस चिखलासारखे होते, असं मास्तरणीचं मत होतं. ठिपक्याच्या मते फक्त अकरा.

चौदा नंबरबद्दल मात्र भांडण नव्हतं. तो निळा होता, पण नुसता निळा नव्हता. दिवे लागायच्या वेळी आकाश जसं दिसतं, साधारण तसा. आत्यालाही तो आवडला होता. आत्या सुंदर अक्षरात प्रमाणपत्रं लिहून देण्याचं काम करायची, आणि नर्सिंग शाळेच्या बेचाळीस प्रमाणपत्रांवरची नावं तिने यंदा चौदा नंबरने लिहिली होती. त्यासाठी अख्खी बाटली संपली, म्हणून आज ती पुन्हा भरणं चाललं होतं.

तेवढ्यात आत्या बाहेरून आली. तिने हातातला गठ्ठा टेबलावर टाकला.

"आई, काय झालं?" मास्तरणीने विचारलं.

"बघा तुम्हीच."

सगळ्यात वरचं प्रमाणपत्र एक क्रमांकाचं होतं. छापलेला मजकूर जागच्या जागी होता. खाली सहीही होती. पण मधोमध, जिथे नाव असायला हवं तिथे, एक फिकट गुलाबी सावली उरली होती. डोळे बारीक केले तरी धड वाचता येत नव्हती.

"ही चौदा नंबरने लिहिलेली?" ठिपक्याला खरंच वाटेना.

"परवा दिली तेव्हा ठीक होती. आज शाळेच्या मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, घरात केलेली शाई वापरलीतच कशी? उद्या दहाला समारंभ आहे आणि कोरी प्रमाणपत्रं शिल्लक नाहीत." आत्या खुर्चीत बसली. "पुढच्या वर्षीपासून नावं छापखान्यातून छापून घेणार आहेत. बारा वर्षं लिहितेय मी त्यांची नावं."

"काळ्या शाईने गिरव ना!" शेपटी म्हणाली.

"एक काना गिरवून पाहिला. कागदच बिघडलाय. शाई मुळांसारखी फुटते."

आत्या आत गेली. शाई तिघांची होती, तेव्हा दोषही त्यांचाच असणार, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

ठिपक्याने गठ्ठा ओढला आणि पत्ते वाटावेत तशी प्रमाणपत्रं दोन बाजूंना टाकायला सुरुवात केली. "गेलं... आहे... गेलं... आहे... गेलं..." तो थांबला. "अगं, हे बघ! एक गेलं, दोन आहे. तीन गेलं, चार आहे!"

"पुढे?"

"पुढेही तसंच! सगळे विषम क्रमांक गेलेत! एकवीस!"

"शाईला आकडे कळतात?" शेपटीने विचारलं.

"तुला कळत नाहीत, शाईला कुठून कळणार?" ठिपक्या म्हणाला आणि त्याने एक चापट खाल्ली.

मास्तरणीने वही उघडून चौदा नंबरचा पट्टा त्या गुलाबी सावलीशेजारी धरला. वहीतला पट्टा होता तसाच होता. "थांबा," ती हळूच म्हणाली. "शाई उडून गेली असती तर दोन्ही रंग उडाले असते. इथे गुलाबी तसाच आहे. कशाने तरी फक्त निळा खाल्लाय."

"आणि ही सपाट कशी झाली?" शेपटी म्हणाली.

"काय?"

"मी गेले होते ना आत्याबरोबर द्यायला! नळकांड्यातून काढली तर सारखी गुंडाळली जात होती. एक तर माझ्या नाकावर आपटलं! आता बघा, इस्त्री केल्यासारखी."

मास्तरणीने वही मिटली. "चपला घाला," ती म्हणाली.

नर्सिंग शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क एका मोठ्या लोखंडी कपाटाला पाठ लावून बसले होते.

"काका, प्रमाणपत्रं या कपाटात होती का?" मास्तरणीने विचारलं.

"होती. मग?"

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे!" हेडक्लार्कांनी खिसा वाजवून दाखवला. "दुसऱ्या कुणाकडे द्यायची पद्धत नाही इथे."

"म्हणजे तुमच्याशिवाय कुणी हात लावला नाही?"

"कुणाची छाती आहे?"

"मग ती सरळ कशी झाली? आली तेव्हा गुंडाळलेली होती."

हेडक्लार्कांनी पंख्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. "हवेने," ते म्हणाले. "हवा बदलली की कागद सरळ होतात. विज्ञान शिकवत नाहीत वाटतं हल्ली! चला, पळा!"

बाहेर आल्यावर ठिपक्या म्हणाला, "हवेने कागद सरळ होतात, तर माझं विज्ञानाचं पुस्तक दोन वर्षं वाकडं कसं?"

मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या आणि एका उघड्या दारातून वाफ येत होती. ती शाळेची लाँड्री होती. आत ओळीने तीन हौद होते, आणि पहिल्या हौदाशी बाह्या सरसावून उभ्या असलेल्या लाँड्रीवाल्या मावशींना ठिपक्या दिसला.

"अगंबाई! हा शर्ट आहे की नकाशा?"

"शाई आहे, मावशी."

"ते दिसतंय! काढ तो. लाज वाटते मला असला शर्ट बघायची!"

बनियनवर उभं राहायला ठिपक्याला मुळीच आवडलं नाही, पण मावशी ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी शर्ट पहिल्या हौदात बुडवून लगेच वर काढला. "हा सोड्याचा हौद. यातून काढलं की पुढच्या दोन हौदांत खळबळायचं, मगच बाहेर न्यायचं. पण ऐकतंय कोण! परवा आमचे हेडक्लार्क आले आणि सोड्यातलेच टॉवेल पिळून घेऊन गेले! ओलेच हवेत म्हणे. बावीस टॉवेल! अजून परत नाहीत!"

तिघं शर्टाकडे बघत होते. छातीवरचा सकाळचा थेंब निळा होता. मग तो जांभळट झाला, मग फिका, आणि मावशींनी शर्ट पिळेपर्यंत तो गुलाबी झाला होता.

"मावशी, थांबा! खळबळू नका!" मास्तरीण किंचाळली.

"का गं? अजून डाग आहे की!"

"तोच हवाय! तसाच द्या! आणि टॉवेल किती म्हणालात?"

"बावीस. मी मोजून देते."

शेपटी खाली बसली. तिने अंगणातली पानं आणि खडे गोळा करून फरशीवर मांडायला सुरुवात केली. "हे पान म्हणजे टॉवेल. त्याखाली दोन कागद. परत टॉवेल, परत दोन कागद." ती ओठ हलवत मोजत राहिली. "बेचाळीस कागदांच्या एकवीस जोड्या. प्रत्येक जोडीवर एक टॉवेल. आणि सगळ्यात खाली एक. बावीस!"

"आणि जोडीतल्या वरच्याच कागदाच्या तोंडावर टॉवेल बसतो," मास्तरीण म्हणाली. "एक, तीन, पाच, सात..."

"म्हणजे त्यांनी सपाट करायला ओल्या टॉवेलांत दाबली!" ठिपक्या उड्या मारायला लागला. "सापडले! चला, मेट्रनबाईंना सांगू!"

मास्तरीण जागची हलली नाही. "सांगून नावं परत येणार आहेत?"

ठिपक्या उड्या मारायचा थांबला.

"सोडा हा अल्कली," ती विचार करत म्हणाली. "त्याच्या उलट आम्ल. शाळेत लिटमसचा कागद निळा-तांबडा करून दाखवतात ना? मला घरी जाऊन बघायचंय."

घरी त्यांनी शर्टावरच्या गुलाबी डागावर लिंबाचे दोन थेंब पिळले. डाग निळा झाला! शेपटीने इतकी मोठी आरोळी ठोकली की आत्या स्वयंपाकघरातून धावत आली.

"पण लिंबू प्रमाणपत्रावर चालणार नाही," मास्तरीण म्हणाली. "ओलं झालं की शाई पसरेल. ओलं न करता आम्ल लावायला हवं."

"ओलं न करता कसं लावणार? फुंकर मारून?" ठिपक्याने चेष्टेने विचारलं.

मास्तरणीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "साधारण तसंच," ती म्हणाली. "आई, व्हिनेगर आहे?"

वहीच्या कागदावर चौदा नंबरने एक ओळ लिहिली. सोड्यातून पिळलेल्या शर्टाची ओली बाही तिच्यावर दाबली. ओळ गुलाबी झाली. कागद वाळवून आत्याने तो गरम व्हिनेगरच्या भांड्यावर, हातभर उंच, आडवा धरला. वास नाकात शिरून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या मिनिटात काहीच झालं नाही. दुसऱ्या मिनिटात अक्षरांच्या कडा काळवंडल्या, आणि मग शाई न पसरता सगळी ओळ हळूहळू निळी झाली.

आत्या कागदाकडे बघत राहिली. "प्रमाणपत्रं आण," ती म्हणाली.

"इथे नको," मास्तरीण म्हणाली. "इथे केली तर मेट्रनबाई म्हणतील, पुन्हा लिहून आणली. त्यांच्यासमोरच करू."

संध्याकाळी पाच वाजता मेट्रनबाईंच्या खोलीत शेगडी, व्हिनेगरचं भांडं आणि बेचाळीस प्रमाणपत्रं मांडलेली होती. हेडक्लार्कांना बोलावलं होतं. मेट्रनबाई उंच, शांत आणि थोड्या घाईत होत्या.

"काका," मास्तरणीने नम्रपणे विचारलं, "प्रमाणपत्रांना कुणी ओलं काही लावलं होतं का?"

"छे! आल्यापासून कुलपात होती."

"मग माझे बावीस टॉवेल कुठायत?" दारातून आवाज आला. लाँड्रीवाल्या मावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांना शेपटीने आणलं होतं.

"टॉवेल? ते... इस्त्रीला..."

"इस्त्री मीच करते!"

हेडक्लार्कांनी पंखा शोधला, पण या खोलीत पंखा भिंतीवर होता. "अहो, ती सारखी गुंडाळत होती!" ते एकदम म्हणाले. "समारंभात बाईंच्या हातातून उडाली असती. ओल्या फडक्यात दाबली की कागद सरळ होतो, माझे वडील करायचे. सोड्याचं मला काय ठाऊक!"

"आणि सकाळी मी विचारलं तेव्हा हातसुद्धा लावला नाही म्हणालात," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी या बाईंना बोल लावून मोकळी झाले."

मग आत्याने एक क्रमांकाचं प्रमाणपत्र उचललं आणि वाफेवर धरलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"दिसतंय," हेडक्लार्क पुटपुटले. त्यांनी चष्मा पुसला आणि ते नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट.

पुढची वीस प्रमाणपत्रं त्यांनी स्वतः वाफेवर धरली आणि प्रत्येक नाव वाचून यादीवर खूण केली. त्यांचे डोळे लाल झाले होते. व्हिनेगरने, असं ते म्हणाले.

शेवटचं नाव वाचून झाल्यावर मास्तरीण पुढे आली. "बाई, अजून एक सांगायचंय. सोड्याची चूक काकांची होती. पण आमची शाई पाण्याने धुऊन जाणारी आहे. असली शाई प्रमाणपत्राला द्यायलाच नको होती. आम्ही फक्त रंग बघितला. पाणी टाकून एकदाही पाहिलं नाही."

"मीही विचारलं नाही," आत्या म्हणाली. "मोठी मी होते."

मेट्रनबाईंची घाई कुठेतरी गेली होती. त्यांनी तिघांकडे एकेक करून पाहिलं. "दुसऱ्याची चूक शोधून आणणारी मुलं मी बघितली आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्याबरोबर स्वतःचीही घेऊन येणारी आजच बघितली. शाबास! उद्या प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात देऊ." मग त्या आत्याकडे वळल्या. "मी सकाळी घाई केली. पुढच्या वर्षीची यादी तुमच्याकडेच येईल. लिहाल ना?"

"लिहीन," आत्या म्हणाली. "पक्क्या शाईने."

"आणि या मुलाचा शर्ट माझ्याकडे पाठवा," मावशी म्हणाल्या. "हुशार पोरं आहेत हो, पण कपडे बघवत नाहीत!"

परतताना चौकात आल्यावर आत्या घराकडे न वळता उजवीकडे वळली.

"आत्या, घर इकडे आहे!" शेपटी ओरडली.

"माहीत आहे. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचंय." आत्याने पावलं उचलली. "पक्की शाई कोणती घ्यायची ते मी सांगते. किती थेंब मिसळायचे ते तुम्ही ठरवा."