सत्तावीस नंबरचा दिवा

ही गोष्ट माझी स्वतःची आहे. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीच आधी हसलो असतो.

साल १९७६. सोलापूर, भवानी पेठेजवळची एक कापड गिरणी. नाव सांगत नाही, मालकांची नातवंडं गावातच आहेत. गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी होती आणि दुपारचे तीन वाजले होते. अंधार, अमावस्या असलं काही नव्हतं बघा.

मी गिरणीतल्या फोनचा मेकॅनिक. पन्नास फोन, आणि ते एकमेकांना जोडणारं एक लोखंडी कपाट. कुठल्याही खात्यात कुणी रिसीव्हर उचलला, की कपाटात त्याचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, टक् करायचा आणि त्या नंबरचा दिवा लागायचा.

त्या दुपारी गेटवरचा रखवालदार धुळा मला घरून बोलावून घेऊन आला. मालक बंगल्यावरून गेटला फोन लावत होते, लागत नव्हता. एखादा नंबर अडकला की बाकीच्यांची वाट अडते, हे मला माहीत होतं.

कपाट उघडलं. सगळे दिवे विझलेले.

एक सोडून...

सत्तावीस. रंगखाना.

तिथले जॉबर, म्हणजे मुकादम, बसलिंगप्पा अण्णा, मैंदर्गीचे, दोन महिन्यांपूर्वी तिथंच गेले होते. वाफेचा पाइप फुटला, दारापर्यंत पोचता आलं नाही. सापडले तेव्हा हातात रिसीव्हर होता. फोन बंद होता.

तो बंद आहे हे अण्णांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा येऊन बघ म्हणाले. मी "येतो" म्हणालो आणि गेलोच नाही. कपाटापाशी बसूनच लाइन मोजली आणि वहीत लिहिलं, २७ तपासला, ठीक. आळस, दुसरं काय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी धुळाला विचारलं, रंगखान्यात कोण आहे.

"कोन असनार? त्या दिसापास्नं कुलूप हाय की. चावी माज्या कमरंला," तो म्हणाला आणि गेटकडं निघून गेला.

मी एकटा उरलो.

ओल लागून तारा चिकटल्या असतील, अशी मनाची समजूत घातली. सत्तावीसच्या दोन्ही तारा कपाटातून सोडवल्या. आता दिवा विझायलाच हवा.

विझला नाही.

मग रिलेच खराब असणार. कागदाची पट्टी घालून त्याचे कॉन्टॅक्ट पुसले. फरक नाही. शेवटी तो काढला आणि एकतीसचा चांगला रिले त्याच्या जागी बसवला.

टक्...

दिवा पुन्हा लागला.

तारा सोडवलेल्या, जुना रिले माझ्या हातात. बिघडायला आता काही शिल्लकच नव्हतं.

एकच तपासणी राहिली होती. माझ्याजवळचा रिसीव्हर सत्तावीसला जोडला आणि कानाला लावला.

आधी काहीच नाही...

मग वाफेचा आवाज. फस्स... फस्स...

सुट्टीमुळं बॉयलर तीन दिवस थंड होता.

मग कुणीतरी श्वास घेतला.

"तम्मा."

मला तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणणारा माणूस गिरणीत एकच होता. आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली.

"येतो म्हनला व्हतास की."

मला फक्त तिथून पळायचं होतं. आणि निघताना माणूस सवयीनं जे बोलतो तेच माझ्या तोंडून गेलं. निघताना 'जातो' म्हणू नये, हे आईनं लहानपणापासून बजावलेलं.

"येतो, अण्णा," मी म्हणालो.

पलीकडची वाफ थांबली.

"ये. हितंच हाय मी."

टक्... दिवा विझला. त्याच मिनिटाला मालकांचा फोन गेटला लागला, असं धुळानं नंतर सांगितलं.

बिघाड काय होता, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी वहीत मी काही लिहिलं नाही. आठ दिवसांत नोकरी सोडली. रंगखान्याकडं मात्र गेलो नाही, माझी हिंमतच झाली नाही.

तेव्हापासून घराबाहेर पडताना मी 'जातो' म्हणतो. माझी बायको वच्छला अजून चिडते. असलं अभद्र बोलू नका, 'येतो' म्हणा, म्हणते.

कसं म्हणू? तो शब्द मी अण्णांना दोनदा दिलाय... आणि ते अजून माझी वाट बघत असतील.