दानाच्या मोटारीचे दात

ड्रायव्हर सांडूची बायको इंद्रायणी लेकरू मांडीवर घेऊन भुजंगरावांच्या ओसरीवर बसली होती. आत चुलीवर तपेलीचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठं तिला कंठ फुटला.

"अण्णा, आमच्या मालकानं मानूस मारला न्हाई."

भुजंगराव ऐकत होते. निजामाच्या पोलिसांत अमीन, म्हणजे फौजदार होते ते; वरच्यांशी पटेना म्हणून नोकरी सोडली आणि आता जालन्यात खाजगी तपास करायचे. शेजारी त्यांचा मित्र बद्रीनाथ, धर्मार्थ दवाखान्याचा कंपाउंडर.

"पण सांडूनं स्वतः कबुली दिलीय ना?" बद्रीनाथ म्हणाला. "अंबडच्या रस्त्यावर म्हातारा पुंजाराम मोटारीखाली गेला. मोटारीत सांडूच्या वहाणा सापडल्या. आता उरलं काय?"

"त्याच तर वहाना!" मांडीवरच्या लहानग्या आसराला तिनं घट्ट धरलं. "मोटार म्हंजी लक्ष्मी, म्हनायचे. वहाना पडवीत काढल्याबिगर कधी आत पाय ठिवला न्हाई. लोखंड तापून तळपाय भाजायचे. म्हनून त्याच दिवशी सकाळी म्या घोंगडीची पट्टी शिवून दिली, ब्रेकला गुंडाळाया."

"मोटार कुठंय आता?"

"आमच्याकडं की!" बद्रीनाथ खुलला. "सांडूच्या मालकीणबाई तुळजाबाईंनी दवाखान्याला दान केली, अडलेल्या बायांना आणायला. हातावर पाणी सोडून. रक्त लागलेलं वाहन दारात नको म्हणाल्या."

"विकली का नाही?"

"दानाच्या गाईचे दात कशाला मोजायचे, भुजंगराव?"

"विकत घेणारा मोजतो, बद्री. म्हणूनच विकली नसेल."

दवाखान्याच्या आवारात मोटार उभी होती. पुढच्या काचेला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती, ती सुकून काळी पडली होती. भुजंगरावांनी वाकून ब्रेकची पट्टी सोडवली. घोंगडीला तळपायाच्या बाजूनं दोन भोकं पडून ती उभी फाटली होती. आपलेच टाके उसवलेले पाहून इंद्रायणीनं तोंड फिरवलं.

अंबडला पोचले तेव्हा दिवस कलला होता. तुळजाबाई वाड्यात जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"मोटार चालवता येती ती माझ्या थोरल्याला अन् सांडूला," त्या म्हणाल्या. "धाकट्यानं चाकाला हात लावला न्हाई कधी."

थोरला धर्मराज दाराशीच उभा होता, पायांत खिळे ठोकलेल्या वहाणा. "त्या दिवशी मी बाजाराला गेल्तो. येरवी सांडूच्या शेजारीच बसायचो. 'मोटार हाये का देवघर रे?' म्हणून रोज चिडवायचो त्याला."

धाकटा मच्छिंद्र अपघाताच्या दोनच दिवस आधी हैदराबादहून कॉलेजच्या सुटीत आला होता. पायांत बूट.

"मला ताप होता, अंथरुणातच होतो. मोटार ना त्या दिवशी पाहिली, ना नंतर. पोलिसांनी नेली, तिथूनच दवाखान्यात गेली." मग इंद्रायणीकडं न बघताच म्हणाला, "ब्रेकला घोंगडीच्या चिंध्या बांधल्यावर माणूस मरणार नाही तर काय होणार?"

इंद्रायणीनं पदर डोळ्यांना लावला. आपल्याच सुईनं म्हातारा मेला की काय? धन्याचे तळपाय वाचवायला गेलो अन्...

"बाई, रडू नका," भुजंगराव हळूच म्हणाले. "तुमच्या पट्टीनंच सांडूला वाचवलंय."

त्यांनी पट्टी सगळ्यांपुढं ठेवली. "ही नवी घोंगडी एका दिवसात फाटली. अनवाणी पायानं ती अशी फाटेल? तळाला खिळे असलेलं पायताण ब्रेकवर जोरात दाबलं गेलं."

"मग धर्मराज!" बद्रीनाथ म्हणाला. "त्यांच्या वहाणांना खिळे आहेत."

"पण धर्मराजना सांडूची रीत ठाऊक. त्याला अडकवायचं असतं, तर त्याच्या वहाणा त्यांनी पडवीतच राहू दिल्या असत्या; वहाणा पडवीत म्हणजे सांडू मोटारीत. त्या उचलून मोटारीत टाकल्या त्या रीत माहीत नसलेल्यानं." ते वळले. "मच्छिंद्र, ती पट्टी त्याच दिवशी सकाळी शिवली. मोटार तुम्ही तेव्हाही पाहिली नाही, नंतरही नाही. मग ब्रेकला काय बांधलंय, हे कळलं कुठून? जरा बूट उलटा करा."

बूट काढावाच लागला नाही. मच्छिंद्रनं पाय मागं घेतले. "हौस म्हणून मोटार काढली होती, दादा... म्हातारा आडवा आला, मी ब्रेक दाबला... बुटाचे खिळे पट्टीत अडकले..."

धर्मराजनं भिंतीला हात टेकला. "अरे, मला सांगायचंस. मी शिकवलं असतं."

"पण सांडूनं कबुली दिली ती का?" बद्रीनाथला अजून उलगडेना.

भुजंगराव तुळजाबाईंकडं पाहत राहिले. त्यांच्या हातातली माळ थांबली होती.

"त्याची आई मेली तवा एवढासा होता," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात वाढला. म्या त्याच्यापुढं पदर पसरला. माझं लेकरू वाचव म्हनलं. एवढंच. 'बरं आई' म्हनला तो."



"उद्या अदालतीत हेच सांगावं लागेल, बाईसाहेब. दोघांनीही," भुजंगराव म्हणाले. "सांडू सुटेल."

तुळजाबाईंनी मान हलवली. सुटेल. इंद्रायणीला वाटलं होतं, हे ऐकताच आपण नाचू. पण छातीवरचा धोंडा तिथंच होता. तिनं आसराला कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरली. वाटेवर अंधार पडत होता. लेकरू झोपलं असेल, असं तिला वाटलं.

"आये," खांद्यावरून आवाज आला, "आजीनं पदर पसरला तवा बाबाला माझी याद न्हाई आली का गं?"