राखेचा इशारा

विमान परत उतरल्याला तीन दिवस झाले होते, तरी मास्तरांच्या हातातला कप अजून बशीवर वाजत होता.

"चहा पी, नाहीतर कप तरी खाली ठेव," ताई म्हणाल्या.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडले आणि मग दोन खोल्यांचं ऑफिस घेऊन खाजगी तपासाची कामं सुरू केली. मास्तर धाकटे. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं फळ्यावर रंगीत खडूने ज्वालामुखी काढले, पण त्यांची राख नाकातोंडात जाईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. बहिणीकडे चार दिवस राहून ते सकाळच्या विमानाने घरी निघाले होते. पस्तीस मिनिटांत ज्वालामुखीच्या राखेने दोन्ही इंजिनं बंद पडली.

तेव्हापासून आकाश बंद होतं. एकही विमान उडत नव्हतं.

दार वाजलं. आत आलेली बाई परिचारिकेच्या गणवेशातच होती, ड्यूटीवरून थेट आलेली.

"ताई, माझ्या धाकट्या भावाला वाचवा," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "उड्डाणाचे कागद करायचं काम त्याचं. मार्ग, हवामान, इशारे, सगळं छापून टाचायचं आणि कॅप्टनच्या हातात द्यायचं. सहा पन्नासला राखेचा इशारा आला, तो त्याने छापला. यंत्रात नोंद आहे. पण गठ्ठ्यात तो कागद नाही. सगळे म्हणतात, हा लावायला विसरला."

मास्तर ताडकन उभे राहिले. "तुमचा भाऊ? माझ्या शेजारी बसलेले आजोबा माझा हात धरून गेले, बाई! हृदय बंद पडलं त्यांचं!"

"मास्तर, बस."

"नाही बसत! केबिनमध्ये धूर, गंधकाचा वास. हवाई सुंदरीसुद्धा 'आग, आग' म्हणून ओरडली. आणि त्याच क्षणी कॅप्टनचा आवाज आला. शांत, वर्गात हजेरी घ्यावी तसा. 'ही आग नाही. इंजिनात राख गेली आहे. खाली उतरून राखेतून बाहेर पडलो की इंजिनं सुरू होतील.' अकरा मिनिटांनी झालीच सुरू! देवमाणूस आहे तो. आणि तुमचा भाऊ..."

त्यांचा आवाज फाटला. परिचारिकेने मान खाली घातली.

"उद्या चौकशी समिती बसणार आहे. मग पोलीस. पण मला भीती वेगळीच आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तो म्हणत होता, 'ताई, मी लावला होता गं.' दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'लावला असेल.' आज सकाळपासून म्हणतोय, 'विसरलोच असेन, माणूस मारला मी.' काल त्याच्या उशाखालून झोपेच्या गोळ्या काढून घेतल्या मी."

ताईंनी चष्मा पुसला. "चल मास्तर. तूही चल. घरी बसून कप वाजवण्यापेक्षा बरं."

विमानतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बॅगांवर डोकी टेकून पसरली होती, बाया चादरींचे आडोसे करून पोरांना पाजत होत्या. फलकावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द: रद्द.

समितीने परिचारिकेच्या भावाच्या वतीने एका माणसाला कागद बघायची मुभा दिली होती. कंपनीच्या मॅनेजरने कपाट उघडलं. दोन रात्री झोपला नसावा; टायची गाठ छातीवर आली होती.

"दोन गठ्ठे असतात," तो म्हणाला. "एक कॅप्टन विमानात नेतात, दुसऱ्यावर सही करून तो काउंटरवर ठेवतात. दोन्हींत सहाच पानं आहेत. ऑफिसची प्रत मी विमान परतल्यावर कुलपात टाकली."

"आणि राखेचं पान असतं तर?"

"तर माझी परवानगी लागली असती. आणि मी उड्डाण थांबवलंच असतं. मुख्य ऑफिसच्या मंजुरीशिवाय सोडायचं नाही, असा नियम आहे."

"विमान उडालं ते तुमच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं. उशीर झाला की तुम्हाला बोलणी बसतात ना?"

मॅनेजर लाल झाला. "बसतात. पण मी त्या सकाळी कागदांच्या खोलीत गेलोच नव्हतो. सामानाचा पट्टा अडकला होता, तिथे होतो. आणि कॅप्टनसाहेबांची तर त्या दिवशी सुट्टी होती. दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतली त्यांनी. असा कामसू माणूस, आणि त्याच्या वाट्याला हे!"

ताई ऑफिसची प्रत चाळत होत्या. तिसरं पान त्यांनी मोठ्याने वाचलं, "वारा पाठीमागून. मार्गावर दाट ढग." मग शेवटचं पान उलटून स्टेपलरच्या पिनेजवळ भिंग धरलं. "मास्तर, बघ रे."

मास्तरांनी पाहिलं. पिनेच्या मागच्या बाजूला, वाकलेल्या टोकांखाली तांदळाच्या कणीएवढा कागदाचा तुकडा अडकला होता.

"कचरा आहे," मास्तर म्हणाले.

"असेल," म्हणत ताईंनी गठ्ठा परत दिला. "नियंत्रण मनोऱ्यातून विमानाशी जे बोलणं झालं, ते मिळेल?"

ते टाइप करून ठेवलेलंच होतं. मनोऱ्याला राखेचा इशारा सव्वाआठला पोहोचला. इंजिनं बंद पडली आठ वाजून पाच मिनिटांनी. तोवर रेडिओवर राखेचा 'र'सुद्धा नव्हता.

बाहेर टँकरच्या सावलीत इंधन भरणारा बसला होता.

"तीन टन जास्त भरलं त्या दिवशी," तो म्हणाला. "कॅप्टनसाहेब स्वतः खाली आले होते. म्हणाले, 'भर अजून, वाटेत समोरून वारा आहे.' आपण हुकमाचे ताबेदार. भरलं."

को-पायलट मुलगी कँटीनमध्ये सापडली. वय सत्तावीस-अठ्ठावीस.

"कागद तुम्ही वाचले होते?" ताईंनी विचारलं.

"विमानात बसल्यावर वाचले. सहा पानं. सही करायला सर एकटेच जातात. मी तेव्हा विमानाला फेरी मारून चाकं, पंख तपासत असते."

"इंजिनं बंद पडली तेव्हा?"

तिने डोळे मिटले. "काचेवर ठिणग्या नाचत होत्या. मला वाटलं, इंजिन पेटलं. आग विझवायच्या दांड्याकडे हात नेला, तो सरांनी मनगट धरलं. 'थांब. राख आहे.' तो दांडा ओढला असता तर इंजिन पुन्हा सुरू झालंच नसतं. सरांच्या अनुभवाने वाचवलं सगळ्यांना."

"ऐकलंस?" मास्तर बहिणीला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ताई कँटीनमधून बाहेर निघाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

कॅप्टन मॅनेजरच्या खोलीत खिडकीशी उभा होता. उंच, पांढऱ्या केसांचा. दाढी वाढलेली. मास्तरांना राहवलं नाही. पुढे होऊन त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. "मी चौदा नंबरच्या रांगेत होतो, साहेब."

कॅप्टनने हात सोडवून घेतले. त्यांच्याकडे बघितलंही नाही.

ताईंनी मॅनेजर आणि को-पायलटला आत बोलावलं, दार लावलं.

"कागद छापणारा विसरला नव्हता," त्यांनी सुरुवात केली. "ऑफिसच्या प्रतीत पिनेच्या टोकांखाली कागदाचा कण आहे. सहा पानांचे कोपरे शाबूत आहेत. म्हणजे सातवं पान टाचलं होतं आणि टाचल्यावर कुणीतरी ओढून काढलं."

"मी नाही!" मॅनेजर म्हणाला.

"दम धरा. ते तुम्हीही फाडू शकला असता. म्हणूनच मी वेगळा प्रश्न घेतला. कागद कुणी फाडला हे राहू दे, तो *वाचला* कुणी? विमान उडालं तेव्हा राखेची बातमी मनोऱ्यालासुद्धा नव्हती. रेडिओवर नव्हती. को-पायलटला नव्हती, ती आग समजली. केबिनमधल्या मुलीही आगच समजल्या. धूर, ठिणग्या, वास. कुणीही आगच समजेल. आणि एकच माणूस, त्याच क्षणी, तपासून न बघता सांगतो, 'आग नाही, राख आहे.'"

को-पायलटने कॅप्टनकडे पाहिलं.

"अनुभव..." मास्तर पुटपुटले.

"अनुभवाने अंदाज येतो, मास्तर. आधी शंका येते, मग खात्री. इथे शंकाच नव्हती. आणि इंधनाचं काय? हवामानाचं पान म्हणतं, वारा पाठीमागून. कॅप्टन म्हणतात, समोरून. तीन टन जास्त कशाला? वाट वाकडी करावी लागली तर हाताशी असावं म्हणून. आकाशात काय आहे ते त्यांना जमिनीवरच ठाऊक होतं. सही करायला ते एकटे होते. कागद देणारा क्षणभर पाठमोरा झाला असेल. दोन्ही गठ्ठ्यांतलं शेवटचं पान ओढायला तेवढा वेळ पुरतो."

"ताई, तू कुणाबद्दल बोलतेयस!" मास्तरांच्या तोंडून किंकाळीच निघाली. "त्यांनी मला जिवंत आणलंय!"

"आणलंय. तेही खरं आणि हेही खरं." ताई कॅप्टनकडे वळल्या. "फक्त एक सांगा. सुट्टी टाकून ते उड्डाण मागून का घेतलंत? तिकडे कोण होतं?"

कॅप्टन खिडकीबाहेरच्या मोकळ्या धावपट्टीकडे वळला.

"आई," तो म्हणाला. "आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. फार तर एक दिवस, म्हणाले. विमानात एकही सीट नव्हती, म्हणून ड्यूटी मागितली. कागद देणाऱ्याचा फोन वाजला, तो वळला. मी पान वाचलं. हे वर गेलं की उड्डाण रद्द. काय करतोय ते कळायच्या आत हात पुढे गेला होता. वाटलं, राख दिसली की वळसा घालून जाईन. ढगांत मिसळली होती ती. दिसलीच नाही."

"आणि आई?" को-पायलटने कसंबसं विचारलं.

"त्याच दुपारी गेली."

"मग नंतर का नाही बोललात?" मास्तरांनी विचारलं. "तो पोरगा गोळ्या उशाखाली घेऊन बसलाय!"

"खाली उतरलो तर लोक हार घेऊन उभे होते," कॅप्टन म्हणाला. "तुमच्यासारखे." आणि खाली बसून त्याने तोंड झाकून घेतलं.

मास्तर भिंतीला टेकले. तो शांत आवाज अजून त्यांच्या कानात होता. त्या आवाजाच्या आधारावर ते तीन दिवस जगत होते. आता त्याचं काय करायचं, हे त्यांना कळेना.

कॅप्टनने लेखी जबाब दिला आणि संध्याकाळी ताई-मास्तर त्या भावाच्या घरी पोहोचले. तो पलंगाच्या कडेला बसला होता, हडकुळा, शर्टाची बटणं चुकलेली. ताईंनी सगळं सांगितलं. त्याची बहीण हुंदके देऊ लागली. तो मात्र शर्टाची बटणं नीट लावू लागला.

"त्यांची आई आजारी होती?" तो म्हणाला. "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू काय करणार होतास, बाळा?" मास्तरांनी विचारलं.

"इशारा आला तेव्हाच मी दक्षिणेकडून वळशाचा मार्ग काढायला घेतला होता. राखेपासून लांबून. साहेब सही करत असताना आलेला फोन त्याचाच होता, मुख्य ऑफिसचा. मंजुरी आली होती. फोन ठेवून वळलो तर साहेब सही करून निघून गेलेले. मला वाटलं, राखेचं पान बघून ते मॅनेजरसाहेबांकडे गेले असतील, तिथून नवा मार्ग घ्यायला परत येतील. तेवढ्यात दुसऱ्या विमानाचं काम आलं."

"हे तू समितीला सांगितलं नाहीस?"

"राखेचं पानच लावलं नाही म्हटल्यावर पुढचं कोण विचारतो?"

मास्तर त्याच्याशेजारी पलंगावर बसले. "त्या मार्गाने किती वेळ जास्त लागला असता?"

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. "दहापर्यंत पोहोचले असते ते."